एका बोटाने दाखव, कुठे दुखतंय

विशी-पंचविशीतलं कुणी गुडघा धरून आत येतं, तेव्हा निदानही बहुतेकदा सोबत घेऊनच येतं. 'वंगण कमी झालंय', 'गॅप आलाय', 'कॅल्शियम कमी असणार', आणि आई बरोबर असेल तर 'दिवसभर एसीत बसतो ना, गारठा गेलाय हाडात'. पिशवीत एमआरआयची फिल्मही असते. आम्ही फिजिओ ती टेबलावर पालथी ठेवतो. फिल्म आधी पाहिली की रिपोर्टने बोट दाखवलंय तिथेच हात तपासायला लागतात, आणि गुडघा भलतीकडेच दुखत असतो.

मग पहिलं वाक्य ठरलेलं: 'एका बोटाने दाखव, कुठे दुखतंय.'

काही जण खरंच एक बोट टेकवतात, आणि पुन्हा पुन्हा विचारलं तरी ते त्याच रुपयाएवढ्या जागेवर येतं. काही जण बोट ठेवायला जातात आणि मग अख्खा तळवाच वाटीवरून गोल फिरवतात: 'असं सगळीकडे... आत कुठेतरी.' आणि क्वचित कुणी गुडघा दाखवता दाखवता हात मांडीवरून वर जांघेपर्यंत नेतं. हा तिसरा हात दिसला की गुडघा सोडून आधी खुबा तपासायचा. त्याबद्दल पुढे.

बोट टेकलं ती जागा बरंच काही सांगून जाते. वाटीच्या खालच्या टोकातून एक जाड दोरी नडगीकडे जाते, ती पटेलर टेंडन. नेमकं त्या टोकावर बोट आलं आणि माणूस व्हॉलीबॉल किंवा बास्केटबॉल खेळणारा असला, तर उड्यांच्या ताणाने ही दोरी बिघडलेली असते. दुखणं खेळायला सुरुवात करताना जास्त, अंग तापलं की कमी, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यावर पुन्हा हजर. बोट त्याच दोरीच्या दोन्ही कडांना आलं आणि गुडघा मागे ताणून उभं राहिल्यावर दुखत असेल, तर दोरीमागची चरबीची उशी चिमटली जात असते. गणपतीच्या आधी ढोल कमरेला बांधून तासन्‌तास सराव करणाऱ्यांत, त्यातही ज्यांचे गुडघे मुळातच मागे झुकतात अशा मुलींत, हे शोधावं लागतं. आणखी खाली, नडगीच्या उंचवट्यावर बोट आलं तर शाळेतल्या दिवसांबद्दल विचारायचं. वाढत्या वयात तिथलं कोवळं हाड दोरीने ओढलं गेलेलं असतं, त्याचा टेंगूळ तसाच राहतो आणि गुडघे टेकून बसलं की दुखतो.

आतल्या बाजूला, मांडीचं हाड आणि नडगी यांच्या फटीवर बोट आलं की मेनिस्कसचा, म्हणजे ज्याला लोक गादी म्हणतात तिचा, संशय. फटीच्या तीन-चार बोटं खाली, आतल्याच बाजूला, तीन स्नायूंच्या दोऱ्या एकत्र येऊन हाडाला चिकटतात. तिथली दुखरी जागा बहुधा त्यांची किंवा त्यांच्या खालच्या पाण्याच्या पिशवीची असते. पण धावणाऱ्या पोराने तिथे बोट ठेवलं तर आम्ही थांबतो. तिथलं हाडही दमलेलं असू शकतं. भरतीची जाहिरात निघाली की जे वर्षभर धावले नाहीत ते दोन आठवड्यांत १६०० मीटरच्या मागे लागतात, सकाळ-संध्याकाळ, डांबरी रस्त्यावर, तळ झिजलेल्या बुटांत. महिना-दीड महिन्यात नडगीच्या वरच्या भागात केसाएवढी चीर पडू शकते. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे एक्स-रेमध्ये ती दिसत नाही, आणि 'एक्स-रे नॉर्मल आहे, धाव' असा सल्ला मिळाला की चीर वाढते. दुखऱ्या जागी हाडावरच ठोकून पाहिलं आणि कळ आली, एका पायावर उडी मारताना तोंड वाकडं झालं, तर धावणं त्याच दिवशी बंद.

बाहेरच्या बाजूला, फटीच्या दोन बोटं वर, मांडीच्या हाडाच्या उंचवट्यावर बोट आलं तर इलिओटिबियल बँड. कमरेपासून नडगीपर्यंत मांडीच्या बाहेरून उतरणारी ही चामड्याच्या पट्ट्यासारखी पट्टी गुडघा साधारण ३० अंशांत वाकला की त्या उंचवट्यावर दाबली जाते. गड उतरताना गुडघा नेमका त्याच कोनात राहतो. म्हणून कळसूबाई किंवा हरिश्चंद्रगड चढताना काही वाटत नाही, उतरताना मात्र निम्म्या वाटेत बाहेरच्या बाजूला सुरी खुपसल्यासारखं होतं, आणि बसून राहिलं की दहा मिनिटांत काहीच नाही. पुन्हा चालायला लागलं की ठरावीक अंतरावर पुन्हा तेच. हे 'ठरावीक अंतर' माणसाने स्वतःहून सांगितलं की आमचं काम जवळजवळ झालेलं असतं.

आता तळव्यावाले. संख्या बघितली तर तरुणांमध्ये हेच सगळ्यात जास्त. वाटी आणि मांडीचं हाड यांच्यामधल्या सांध्याचं दुखणं: जिना उतरताना, भारतीय पद्धतीच्या संडासात बसताना, सिनेमाच्या मध्यंतरापर्यंत गुडघे वाकवून बसल्यावर. बसमध्ये पाय लांब करायला जागा मिळाली की बरं वाटतं. सपाट रस्त्यावर चालताना वाटीवर शरीराच्या वजनाच्या निम्मा भार येतो, जिन्यावर तिपटीहून जास्त, आणि पूर्ण खाली बसताना सात-आठ पट. त्यामुळे 'सकाळी पाच किलोमीटर चालतो तेव्हा काही होत नाही, मग ऑफिसच्या जिन्यात का?' या प्रश्नाला उत्तर आहे. इथे बहुतेकदा काही फाटलेलं नसतं, झिजलेलं नसतं. काम अचानक वाढलेलं असतं आणि मांडीचे-कुल्ल्याचे स्नायू त्याला पुरे पडत नसतात. गुडघा कटकट वाजतो म्हणून घाबरलेलेही याच गटात सापडतात. न दुखता येणारा आवाज सोडून द्यावा. बोटं मोडताना वाजतात त्याची काळजी कुणी करत नाही.

जागा झाली की दुसरा प्रश्न: एका क्षणी झालं, की हळूहळू? हळूहळू असेल तर आम्ही कॅलेंडर काढतो. मागच्या सहा आठवड्यांत काय बदललं? नवे बूट, नवी जिम, बॅडमिंटनचं सिमेंटचं कोर्ट, मॅरेथॉनसाठी आठवड्याला २० किलोमीटरवरून एकदम ३५, बदली होऊन तिसऱ्या मजल्यावरचं लिफ्ट नसलेलं घर. 'काहीच बदललं नाही' हे पहिलं उत्तर असतं. पाच मिनिटं गप्पा मारल्या की बदललेलं सापडतं.

एका क्षणी झालं असेल तर चौकशी वेगळ्या वाटेने जाते, आणि त्यातला एक प्रश्न लाखमोलाचा आहे: सूज किती वेळात आली? लोक म्हणतात, 'लगेच आली.' लगेच म्हणजे किती? मॅटवरून उठून बूट काढेपर्यंत गुडघा फुगला होता, की घरी जाऊन जेवून झोपलो आणि सकाळी उठलो तर जाड झाला होता? दोन तासांच्या आत फुगलेल्या गुडघ्यात जवळजवळ नेहमी रक्त असतं, आणि तरुण खेळाडूत त्या रक्ताचं सर्वांत मोठं कारण म्हणजे पुढचं क्रुशिएट लिगामेंट तुटणं, म्हणजे मांडीचं हाड आणि नडगी यांना सांध्याच्या आत बांधून ठेवणारी दोरी, सगळे जिला एसीएल म्हणतात ती. वाटी बाहेर सरकून परत बसणं, हाडाला चीर जाणं, मेनिस्कस त्याच्या रक्तवाहिन्या असलेल्या कडेशी फाटणं ही उरलेली कारणं. रात्रभरात आलेली सूज म्हणजे सांध्याने गाळलेलं पाणी. तिथे मेनिस्कस आधी आठवावा.

कबड्डीत चढाई करणाऱ्याचा घोटा धरला जातो, पाय मॅटला खिळतो आणि अंग वळतं. 'कट्' असा आवाज त्याला स्वतःला ऐकू येतो, कधी शेजारच्यालाही. बहुसंख्य एसीएल मात्र कुणीही न धरता तुटतात: उडी मारून उतरताना, धावता धावता दिशा बदलताना, गुडघा आत झुकतो आणि संपतं. मुलींत हे प्रमाण त्याच खेळातल्या मुलांच्या दुपटीहून अधिक. गंमत अशी की तुटल्यावर पंधरा-वीस दिवसांत सूज उतरते, दुखणं जातं, आणि पोरगा पुन्हा मैदानात. मग सरळ धावतो तोवर ठीक, वळला की गुडघा निसटतो. 'निसटतो' या शब्दावरही थांबावं लागतं. वळताना, एका पायावर फिरताना निसटत असेल तर लिगामेंट. जिना उतरताना कळ येऊन मांडी सोडून देत असेल तर ते दुखण्यामुळे, लिगामेंट शाबूत असतं. दोन्हीला लोक एकच वाक्य वापरतात: 'गुडघ्यात जोर नाही.'

मोटरसायकलवरून वाकलेल्या गुडघ्यावर पडलेल्यांत मागचं क्रुशिएट जातं. त्याचा आवाज होत नाही, सूज थोडी येते आणि निदान महिनोन्‌महिने राहून जातं. दोन्ही गुडघे ९० अंशांत वाकवून, पाय टेकवून झोपवायचं आणि बाजूने पाहायचं. एका बाजूची नडगी मागे झोळीसारखी लोंबलेली दिसते. दहा सेकंदांचं काम, पण बाजूने पाहायला वाकावं लागतं.

'अडकतो का?' हा पुढचा. उत्तर होच असतं. मग विचारायचं: अडकतो म्हणजे सरळच होत नाही? शेवटचे वीस-तीस अंश अडून राहतात, आणि हाताने हलवून, पाय झटकून कधीतरी सुटतो? की वाकवल्यावर थोडा चावतो आणि मग जातो? पहिलं खरं अडकणं. मेनिस्कसचा तुकडा बादलीच्या कडीसारखा उलटून सांध्यात सापडलेला असतो. हा गुडघा ओढून सरळ करायचा नाही, मालिशवाल्याकडे तर मुळीच न्यायचा नाही. काही दिवसांच्या आत ऑर्थोपेडिक सर्जनला दाखवायचा, कारण तरुणपणी तो तुकडा शिवता येतो आणि उशीर झाला की कापून काढावा लागतो. दुसरं बहुधा वाटीचं.

इथवर दहा-बारा मिनिटं गेलेली असतात आणि गुडघ्याला हात लागलेला नसतो. आता हाफ पँट, दोन्ही पाय उघडे. एका गुडघ्याला शेजारचा गुडघा हीच मोजपट्टी.

उभं करून चालायला लावतो. मग एका पायावर हळू खाली बसायला. वाटी पायाच्या दुसऱ्या बोटावर राहते की आत अंगठ्याच्याही पलीकडे झुकते, कमरेची दुसरी बाजू खाली पडते का, आणि दुखणं नेमकं कोणत्या कोनात सुरू होतं. वाटीच्या दुखण्यासाठी खाली बसवून पाहण्याइतकी चांगली दुसरी चाचणी नाही. वाटी दाबून धरून मांडी आवळायला लावणारी जुनी चाचणी अजून बऱ्याच ठिकाणी करतात. ती चांगल्या गुडघ्यालाही दुखवते, म्हणून आम्ही सोडून दिली.

मग झोपवायचं. पहिलं काम पाणी बघणं. गुडघा सरळ, मांडी सैल. वाटीच्या आतल्या बाजूला, खालून वर, तळव्याने दोन-तीनदा सावकाश निपटत न्यायचं, जसं दुधाच्या पिशवीच्या कोपऱ्यातलं दूध वर ढकलतो. तिथला खळगा रिकामा झाला. आता बाहेरच्या बाजूने वरून खाली एकदाच हात फिरवायचा आणि नजर आतल्या खळग्यावर. पाणी असेल तर खळग्यात एक लहानशी लाट फुगते. चमचाभर पाणीही यात दिसतं. वाटी दाबून ती तरंगते का पाहायची चाचणी सगळ्यांना माहीत आहे, पण तिला बरंच जास्त पाणी लागतं. हे लहानसं पाणी शोधण्याला कारण आहे. वीस-तीस मिलीलिटर पाणीही मांडीच्या पुढच्या स्नायूला, विशेषतः वाटीच्या आतल्या बाजूच्या भागाला, झोपवून टाकतं. पाणी असेतोवर शंभर स्क्वॅट मारले तरी तो स्नायू भरत नाही, आणि माणूस म्हणतो व्यायामाचा उपयोग नाही.

पालथं झोपवून, गुडघ्यापासून पुढचे पाय टेबलाबाहेर काढायचे. दोन्ही टाचा एका पातळीत हव्यात. एक टाच वर राहिली असेल तर प्रत्येक सेंटिमीटरला साधारण एक अंश सरळपणा कमी. तीन सेंटिमीटर म्हणजे तीन अंश, डोळ्यांना न कळणारे, पण लंगडायला पुरेसे.

एसीएलसाठी लॅचमन चाचणी करताना गुडघा २०-३० अंशांत. एका हाताने मांडी वाटीच्या वर घट्ट धरायची, दुसऱ्या हाताचा अंगठा नडगीच्या उंचवट्यावर आणि नडगी पुढे ओढायची. चांगल्या बाजूला थोडं पुढे येऊन 'टक्' असं थांबतं, दोरी ताणल्यासारखं. तुटलेल्या बाजूला ते थांबणंच येत नाही, मऊसर पुढे येत राहतं. तो 'टक्' हातात बसायला काही वर्षं जातात. ताज्या दुखापतीत मांडीचे मागचे स्नायू आवळलेले असतात आणि तुटलेलं असूनही चाचणीत काही सापडत नाही. म्हणून पहिल्या दिवशी स्पष्ट कळलं नाही तर आठ-दहा दिवसांनी पुन्हा. गुडघा ९० अंशांत वाकवून, पायावर बसून नडगी ओढायची पद्धत ताज्या एसीएलला बऱ्याचदा चुकते.

फट दाबून पाहायची, दोन्ही बाजूंची, अंगठ्याने, इंच इंच. मेनिस्कससाठी गुडघा पिळून पाहण्याच्या चाचण्या करतो, पण एका चाचणीवर विसंबत नाही. फटीवर दुखतं, पूर्ण वाकवलं की मागच्या बाजूला दुखतं, उकिडवं बसून चालता येत नाही आणि रात्रभरात आलेली सूज, असं तीन-चार एका दिशेने बोललं तर मेनिस्कस. बाहेरच्या बाजूला वाकवताना 'ठक्' असा मोठा आवाज लहानपणापासून येत असेल तर मेनिस्कस जन्मतःच चकतीसारखा पूर्ण गोल असू शकतो. आशियाई लोकांत हे जास्त आढळतं. वाटी बाहेरच्या बाजूला हलकेच ढकलताना माणूस दचकून आमचा हात धरत असेल तर ती आधी कधीतरी सरकलेली आहे, त्याला आठवत असो वा नसो.

आणि खुबा. पाठीवर झोपवून, गुडघा-खुबा ९० अंशांत धरून पाय आत-बाहेर फिरवायचा. आत फिरवताना अडलं किंवा जांघेत दुखलं तर गुडघ्याचा एक्स-रे काढून काही मिळणार नाही. खुब्याच्या आणि गुडघ्याच्या काही नसा एकच आहेत. मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटला तरी माणूस गुडघाच धरून येतो. ज्यांनी मोठ्या आजारात किंवा जिमच्या कुणाच्या सल्ल्याने स्टिरॉइड घेतलंय, जे खूप दारू पितात, आणि विदर्भ-नंदुरबारकडचे, ज्यांना किंवा ज्यांच्या घरात सिकल सेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, त्यांच्या बाबतीत हे विसरायचं नाही. गुडघ्याची तपासणी ठणठणीत आणि दुखणं मात्र भरपूर, असा मेळ बसत नसला की खुब्याचा एक्स-रे, आणि तो साफ आला तरी संशय असल्यास खुब्याचा एमआरआय.

एक्स-रे कधी? दुखापतीनंतर चार पावलं टाकता येत नाहीत, ना तेव्हा आली ना आत्ता. ९० अंशांपर्यंत वाकत नाही. नुसती वाटी दाबल्यावर दुखते. किंवा बाहेरच्या बाजूला पोटरीच्या बारीक हाडाचं डोकं दुखतं. यातलं एकही असेल तर काढायचा. नडगीच्या बाहेरच्या कडेला नखाएवढी हाडाची कपची सुटलेली दिसली तर तिला किरकोळ समजू नये. ती एसीएल तुटल्याची खूण असते. उलट वाटीच्या वरच्या-बाहेरच्या कोपऱ्यात गोल कडांचा वेगळा तुकडा दिसला तर तो बहुधा जन्मापासूनच वेगळा राहिलेला भाग असतो, आणि फ्रॅक्चर म्हणून त्याला उगाच प्लॅस्टर बसतं.

आता पालथी फिल्म उलटायची. रिपोर्टमधल्या ज्या ओळीने घरात झोप उडालेली असते ती बहुतेक वेळा एकच: मेडियल, म्हणजे आतल्या बाजूच्या, मेनिस्कसच्या मागच्या भागात ग्रेड दोनचा सिग्नल. ग्रेड एक म्हणजे आतला ठिपका, ग्रेड दोन म्हणजे आतली रेघ, जी पृष्ठभागापर्यंत पोहोचलेली नाही. दोन्ही फाटणं नव्हे. ग्रेड तीनची रेघ पृष्ठभागाला लागते, तीच फाटलेली. काहीही न दुखणाऱ्या माणसांचे एमआरआय काढले तरी त्यातल्या कित्येकांत असे सिग्नल, थोडं पाणी, वाटीमागच्या कूर्चेचा मऊपणा सापडतोच. बोट बाहेरच्या बाजूला आणि रिपोर्ट आतल्या बाजूला, असं असेल तर बोटावर विश्वास ठेवायचा. ग्रेड दोन दाखवून दुर्बिणीतून ऑपरेशन करून घेतलेले आणि सहा महिन्यांनी तेच दुखणं घेऊन आलेले आम्हाला नवीन नाहीत. एमआरआयची खरी गरज खऱ्या अडकण्यात, लिगामेंटच्या संशयात, हाडाच्या चिरेच्या संशयात आणि सहा-आठ आठवडे नीट व्यायाम करूनही न हललेल्या दुखण्यात.

रक्तात डी जीवनसत्त्व कमी निघतं हे खरं. पण आपल्याकडे तपासलं की बऱ्याच जणांचं कमीच निघतं. औषध जरूर घ्यावं. मात्र डी कमी म्हणून एकाच गुडघ्याची रुपयाएवढी जागा दुखत नाही.

काही गोष्टींना मात्र आम्ही हात लावत नाही, पुढे पाठवतो. ताप, गुडघा लाल-गरम आणि जराही हलवू न देणारा: सांध्यात पू असू शकतो, त्याच दिवशी हॉस्पिटल, उद्यापर्यंत थांबलं तर कूर्चा खराब होते. सकाळी अर्ध्या तासाहून जास्त आखडलेला, दुखापत न होता सुजलेला, सोबत पाठ पहाटे दुखते किंवा दुसरे सांधेही सुजतात: संधिवाताच्या डॉक्टरांकडे. तापाच्या साथीनंतर दोन्ही गुडघे, घोटे, मनगटं एकदम धरली असतील तर चिकुनगुन्या. तो महिनोन्‌महिने रेंगाळतो. एकच गुडघा महिन्यांमागून महिने हळू सुजतोय, मांडी वाळत चाललीय, वजन उतरतंय, तर क्षयाची तपासणी. मणका आणि खुब्यानंतर क्षयाची आवडती जागा गुडघाच. आणि रात्री झोपेतून उठवणारं, कामाशी काही संबंध नसलेलं, आठवड्यागणिक वाढणारं दुखणं. त्यात हाताला हाडाचा फुगवटा लागला तर मालिश, शेक सगळं थांबवून लगेच एक्स-रे. किशोरवयातला ऑस्टिओसार्कोमा, म्हणजे हाडाचा कॅन्सर, आणि विशी-तिशीतला जायंट सेल ट्यूमर, म्हणजे हाडातली गाठ, दोघांचीही सगळ्यात नेहमीची जागा गुडघ्याच्या वर-खालची हाडंच. हे क्वचित असतं. पण 'खेळताना लागलं असेल' म्हणून ज्यांचे महिने वाया जातात ते याच वयाचे.

उपचारात बहुतेकांना हवं असतं ते आम्ही देत नाही: नी-कॅप, मशीनचा शेक, पंधरा दिवस पूर्ण आराम. ताज्या दुखापतीत पहिले दोन-तीन दिवस कपड्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून चार वेळा, क्रेप बँडेज, पाय उशीवर. तेल लावून रगडणं आणि गरम शेक या दिवसांत नको, सूज वाढते.

वाटीच्या दुखण्यात कुल्ला आणि मांडी दोन्हीचे व्यायाम, आठवड्यातून तीनदा, निदान सहा आठवडे. कुशीवर झोपून वरचा पाय मागच्या दिशेने उचलणं, पट्टा बांधून बाजूला चालणं, पायरीवर एका पायाने सावकाश उतरणं. स्क्वॅट आधी ४५ अंशांपर्यंतच. जिममधल्या पाय सरळ करायच्या मशीनवर उलट: ९० पासून ४५ पर्यंत, शेवटचा भाग सोडून, कारण तिथेच वाटीवर दाब वाढतो. पोरं नेमका तोच शेवटचा भाग झटका देऊन करतात. धावणाऱ्याने मिनिटाची पावलं मोजावीत आणि त्याच वेगात ती पाच ते दहा टक्क्यांनी वाढवावीत. पावलं आखूड होतात, वाटीवरचा भार लगेच उतरतो.

दोरीच्या (पटेलर टेंडनच्या) दुखण्यात स्नायू ओढून ताणणं, म्हणजे स्ट्रेचिंग, आणि पूर्ण आराम, दोन्ही चुकतं. सुरुवातीला गुडघा साधारण ६० अंशांत धरून, न हलवता, मशीनला जोर लावून ४५ सेकंद, पाच वेळा, मध्ये दोन मिनिटं थांबून. मग जड वजन, अगदी सावकाश, तीन सेकंद वर, तीन सेकंद खाली, बारा आठवडे. दोरीत स्टिरॉइडचं इंजेक्शन घेऊ नये. दुखणं महिनाभर जातं, दोरी मात्र कमकुवत होते. इलिओटिबियल बँडच्या बाबतीत उतार काही आठवडे बंद, कुल्ल्याची ताकद, आणि गड उतरताना दोन काठ्या. एसीएलमध्ये ऑपरेशन होवो वा न होवो, आधी सूज शून्य आणि गुडघा पूर्ण सरळ. घाईने, सुजलेल्या गुडघ्यावर केलेलं ऑपरेशन पुढे आखडतं. ऑपरेशननंतर नऊ महिने झाले आणि मांडीची ताकद दुसऱ्या बाजूच्या ९० टक्क्यांवर आली, तेव्हाच कबड्डी. सहाव्या महिन्यात स्पर्धा असते म्हणून उतरलेले पुन्हा टेबलावर येतात, काही जण दुसरा गुडघा घेऊन.

किती दुखलं तर चालेल, हे सगळे विचारतात. शून्य ते दहा धरलं तर व्यायाम करताना तीनपर्यंत चालेल. खरा हिशोब दुसऱ्या दिवशी सकाळी, घरातल्याच जिन्यावर. उतरताना कालच्याइतकंच दुखलं तर आज तेवढंच करायचं. कमी दुखलं तर थोडं वाढवायचं. जास्त दुखलं तर आधीच्या पायरीवर यायचं, थांबायचं नाही. पळायला सुरुवात करणाऱ्याला आम्ही एक मिनिट पळ, एक मिनिट चाल असं दहा वेळा लिहून देतो, एक दिवसाआड. पहिल्याच दिवशी 'एवढंच?' म्हणून तीन किलोमीटर मारून येणारे ओळखू येतात. ते आत आल्यावर काही विचारावं लागत नाही, बोट आपोआप जागेवर जातं.